कुलूप किती मिनिटांचं?

चाकांच्या बॅगेला छोटं कुलूप लावलं की बहुतेकांचा जीव भांड्यात पडतो. चेनच्या दोन्ही रनरच्या पट्ट्या एकत्र आणून त्यांतून कुलूप ओवलं, मग बॅग उघडणार कशी? पण हे कुलूप रनरला असतं, चेनला नसतं. आजच्या बहुतेक प्रवासी बॅगांची चेन म्हणजे नायलॉनच्या तारेची एकमेकांत गुंतलेली दोन वेटोळी. बॅग गच्च भरली तरी ती टिकतात, कारण ताण पुष्कळ वळणांवर वाटला जातो. टोकदार वस्तू मधे घुसली की मात्र सगळा जोर दोन-तीन वळणांवर येतो आणि ती सुटतात. त्याला साधं बॉलपेन पुरतं. पुढचा भाग जास्त त्रासदायक आहे. आतलं काढून झालं की कुलूपबंद रनरची जोडी चेनवरून एकदा फिरवायची, वेटोळी पुन्हा गुंततात. कुलूप जागेवर, बॅग होती तशी. चोरी कळते ती घरी पोचून कपडे बाहेर काढताना, आणि तोवर ती कुठल्या दोन स्टेशनांमध्ये झाली हे सांगता येत नाही.

उपाय सोपा आहे. दोन्ही रनर बॅगेच्या अंगाला पक्क्या बसवलेल्या कडीला कुलपाने बांधायचे, म्हणजे ते सरकणारच नाहीत. अंगातच कुलूप बसवलेल्या बॅगा हेच करतात. याने चेन फाकणं थांबत नाही, पण ती पुन्हा मिटवता येत नाही, आणि उघडी चेन लगेच नजरेला येते. सुट्या, जाड दातांची चेन फाकवायला अधिक जोर लागतो. चेनच नसलेली, खिट्ट्यांनी बंद होणारी कडक सुटकेस त्याहून बरी. तरीही दागिने, रोख रक्कम आणि मूळ कागदपत्रं सीटखालच्या बॅगेत ठेवू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

आकड्यांच्या कुलपाचा हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. तीन आकडे म्हणजे 000 पासून 999 पर्यंत 1000 जुळण्या. एका जुळणीला दोन सेकंद धरले तर सगळ्या तपासायला 2000 सेकंद, म्हणजे सुमारे 33 मिनिटं, आणि सरासरीने त्याच्या निम्मी. चौथा आकडा वाढला की हाच वेळ दहापट होतो. कारखान्यातून आलेला 000 तसाच ठेवला तर वेळ जवळजवळ शून्य. स्वस्त कुलपांत तर चकत्या सैल असतात, आणि योग्य आकडा आला की तो हाताला जाणवतो.

फलाटावर मिळणाऱ्या साखळीचंही असंच आहे. खालच्या बर्थखाली सामान बांधायला कड्या किंवा तारेचे फास असतात, त्यांत साखळी ओवून बॅग जखडता येते. ही साखळी पक्कडीने तुटते, कारण पक्कड ही तरफच आहे आणि लांब दांड्यांवरचा थोडा जोर पात्यांशी कित्येक पट होतो. पण तोडायला वाकावं लागतं, आवाज होतो, वेळ जातो. गाडीतल्या चोराकडे नेमका वेळ नसतो. लहान स्टेशनावर दोन मिनिटांचा थांबा, उतरून पसार व्हायचं, गाडी हलायच्या आत. ज्या बॅगेला दहा सेकंद लागतात ती जाते. जिला दोन मिनिटं लागतील ती बहुधा राहते. म्हणून साखळी हँडलमधून नुसती न ओवता बॅगेला घट्ट आवळावी आणि कुलूप आत, भिंतीच्या बाजूला ठेवावं. हँडल स्क्रूवर बसवलेलं असेल तर साखळी शाबूत राहते आणि बॅग जाते.

लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी 1979 साली मांडलेली एक कल्पना इथे उपयोगी पडते. चोरी व्हायला तीन गोष्टी एकाच जागी, एकाच वेळी जुळाव्या लागतात: चोरीची इच्छा असलेला माणूस, उचलण्याजोगी वस्तू आणि राखणदाराची गैरहजेरी. पहिली आपल्या हातात नाही. दुसरीवर कुलूप-साखळीने थोडा इलाज होतो. रात्रीच्या डब्यात खरा प्रश्न तिसरीचा, कारण राखणदार झोपलेला असतो.

आणि तो कसा झोपलेला असतो? सगळ्यात गाढ झोप रात्रीच्या पहिल्या तिसऱ्या हिश्शात गोळा होते. दहाला आडवा झालेला माणूस साधारण एकपर्यंत अशा झोपेत जातो-येतो, आणि या टप्प्यात त्याला जागं करायला सर्वांत मोठा आवाज लागतो. जिनिव्हात 2011 साली झालेल्या एका प्रयोगात संथ झुलणाऱ्या खाटेवर माणसं लवकर झोपी गेली आणि त्यांची डुलकी अधिक खोल झाली. गाडीचं हलणं इतकं संथ नसतं, तरी पुष्कळांना ते लवकर झोपवतं. त्यात चाकांचा एकसुरी आवाज. अशा आवाजाची मेंदूला सवय होते आणि चेन सरकल्याचा बारीक आवाज त्याखाली बुडतो. कसारा, कर्जतला घाट चढायला मागे इंजिनं जोडण्यासाठी गाडी थांबली, तरी डबाभर कुणी हलत नाही.

पण झोपलेला मेंदू पूर्ण बंद नसतो. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात मासाको तामाकी आणि सहकाऱ्यांनी 2016 साली दाखवलं की अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धा भाग कमी गाढ झोपतो आणि वेगळ्या आवाजाला चटकन प्रतिसाद देतो. त्याआधी, 1960 साली, इयान ऑस्वाल्ड आणि सहकाऱ्यांनी झोपलेल्या माणसांना नावांची यादी ऐकवली. इतर नावांपेक्षा स्वतःच्या नावाला ती अधिक प्रतिसाद देत होती. म्हणजे मेंदू वेगळं काही टिपतो, पण चेनचा आवाज गाडीच्या आवाजात बुडतो. म्हणून माझा निष्कर्ष असा की बॅगेच्या आवाजावर भिस्त ठेवू नये, हालचालीवर ठेवावी. महत्त्वाची छोटी बॅग डोक्याखाली असेल आणि तिचा पट्टा चादरीखाली दंडाला गुंडाळलेला असेल, तर ती ओढताना डोकं नि हात हलतात, आणि तो धक्का गाडीच्या लयीत मिसळत नाही. पट्टा गळ्यात मात्र कधीच अडकवू नये.

जागेपणीही इंद्रियं दगा देतात, आणि खिसेकापूंनी हे प्रयोगशाळेआधीच ओळखलं. मनगटावरचं घड्याळ बांधल्यावर थोड्या वेळात जाणवेनासं होतं, कारण त्वचेतले स्पर्शग्राही स्थिर दाबाला प्रतिसाद देणं कमी करतात. मागच्या खिशातल्या पाकिटाचं तेच. 19व्या शतकात अर्न्स्ट वेबर या जर्मन संशोधकाने दाखवलं की संवेदनेतला फरक कळायला तो मूळ संवेदनेच्या ठरावीक प्रमाणात असावा लागतो. डब्याच्या दाराशी चारही बाजूंनी माणसं रेटत असताना दोन बोटांचा दाब म्हणूनच कळत नाही. रंगमंचावर पाकीटमारीचे खेळ करणारा अपोलो रॉबिन्स सांगायचा की हात सरळ रेषेत नेला तर प्रेक्षकाची नजर पटकन मागे येते, कमानीत नेला तर हाताबरोबर जाते. मेंदूशास्त्रज्ञांनी त्याच्यासह 2011 मध्ये हे तपासलं, आणि वळणदार हालचालीने लक्ष अधिक भरकटतं असं आढळलं. गाडीत चढता-उतरताना पाठीवरची सॅक पोटावर घ्यायची ती यासाठी: तिथे त्वचेसोबत डोळेही राखणीला असतात.

आता मला सगळ्यात मोलाचा वाटणारा प्रयोग. थॉमस मोरिआर्टी यांनी तो न्यूयॉर्कच्या जोन्स बीचवर केला आणि 1975 साली प्रसिद्ध केला. एक जण वाळूत चादर पसरून रेडिओ लावतो आणि थोड्या वेळाने उठून जातो. दुसरा येतो, रेडिओ उचलतो, चालू लागतो. दोघेही संशोधकाचेच साथीदार. पाहायचं ते शेजारी बसलेल्याचं वागणं. 20 पैकी फक्त 4 जणांनी चोराला अडवलं. मग एकच बदल केला. जाताना पहिल्याने शेजाऱ्याला सांगितलं, “जरा माझ्या सामानाकडे लक्ष ठेवाल?” या वेळी 20 पैकी 19 जण मधे पडले.

तसेच अनोळखी शेजारी, तशीच चोरी, फरक एका वाक्याचा. न सांगता प्रत्येकाला वाटतं, बॅग त्या माणसाचीच असेल, किंवा दुसरं कुणीतरी बघेल. सांगितलं की जबाबदारी एका माणसाच्या नावावर पडते. म्हणून सगळ्या डब्याला उद्देशून बोलू नये. समोरच्या एकाच माणसाकडे पाहून म्हणावं, “काका, ही निळी बॅग माझी. हात धुऊन येतो, तेवढं बघाल का?” बॅग बोटाने दाखवावी. आपल्या लोकांना हे मागायला संकोच वाटतो, आणि तो संकोच महाग पडतो. झोपण्यापूर्वी पहाटे कोण कुठे उतरणार हे कळलं, तरी भलताच माणूस बॅग ओढू लागल्यावर कुणीतरी विचारतं.

याच विश्वासाचा गैरफायदा घेणारे असतात, हेही सांगायला हवं. नॉर्मन शेव्हर्स या कलकत्त्यातल्या इंग्रज डॉक्टरांच्या 1856 च्या न्यायवैद्यक ग्रंथात वाटसरूंना धोत्रा चारून लुटल्याची वर्णनं आहेत. आता धोत्र्याऐवजी चहा-बिस्किटातून लोराझेपामसारखी औषधं दिली जातात. ही औषधं मेंदूतल्या गाबा या शांतवणाऱ्या रसायनाचा परिणाम वाढवतात. झोप येतेच, शिवाय त्या काळात नव्या आठवणी नोंदल्या जात नाहीत, म्हणून शुद्धीवर आलेल्याला देणाऱ्याचा चेहराही आठवत नाही. सामान राखायला सांगा, खाणं मात्र स्वतःचंच खा. बंद पाकिटातही सुईने औषध जाऊ शकतं. कुणी अवेळी गाढ झोपलेला, हलवूनही न उठणारा दिसला तर दारू प्यायला असेल म्हणून सोडू नका. अशा औषधाने, विशेषतः दारूसोबत, श्वास मंदावतो. त्याला कुशीवर वळवा, तोंडात पाणी ओतू नका, 139 या रेल्वेच्या मदत क्रमांकाला फोन करून पुढच्या स्टेशनावर डॉक्टर मागवा.

कायद्याचा आधार इथे तोकडा आहे. 1989 च्या रेल्वे कायद्याच्या कलम 100 नुसार, प्रवाशाने सोबत नेलेल्या सामानाची जबाबदारी रेल्वेवर येते ती तिच्या किंवा तिच्या कर्मचाऱ्यांच्या निष्काळजीपणाने अथवा गैरवर्तनाने नुकसान झालं हे सिद्ध झालं तरच. कमरपट्ट्यातले एक लाख रुपये चोरीला गेल्याच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने जून 2023 मध्ये ही रेल्वेच्या सेवेतली त्रुटी मानली नाही.

तक्रारीसाठी प्रवास मोडावा लागत नाही. टीसी, गार्ड किंवा गाडीतल्या पोलिसांकडे अर्ज मिळतो, तो भरून दिला की पुढच्या लोहमार्ग पोलीस ठाण्याकडे जातो. त्यात डबा आणि बर्थ क्रमांकाबरोबर बॅग शेवटची कोणत्या स्टेशनाच्या आसपास पाहिली आणि नाहीशी झाल्याचं कुठे कळलं हे नक्की लिहावं. कोणत्या फलाटांवरच्या कॅमेऱ्यांचं चित्रण तपासायचं, हे पोलीस त्यावरूनच ठरवतात.