संघ उठला, बालेवाडी राहिली
(खेळाचं अर्थकारण : लेखांक ९)

आमच्या आखाडा बाळापूरच्या शिवारात आखाडा म्हणजे कुस्तीचा नव्हे. शेतात जिथं बैल बांधतात, औतं ठेवतात, कडबा रचतात, तो आखाडा. भावाभावांत वाटण्या झाल्या की आखाडा हलतो. खुंटे उपटतात, पत्रे उतरवतात, बैल सोडून नेतात. विहीर आणि लिंबाचं झाड जिथल्या तिथं राहतं. व्यावसायिक संघ गाव बदलतो तेव्हाही असंच होतं.

उत्तर अमेरिकेच्या आइस हॉकीत अशी स्थलांतरं बरीच झाली. क्यूबेकचा नॉर्डिक्स संघ १९९५ मध्ये डेन्व्हरला गेला, कोलोरॅडो ॲव्हलांच झाला आणि १९९६ मध्ये त्यानं स्टॅनली कप जिंकला. १९७२पासून त्याला जीव लावणाऱ्या क्यूबेकनं तो सोहळा लांबून पाहिला.

आपल्या पुण्याचंही तेच झालं. २०१४ मध्ये फुटबॉलची इंडियन सुपर लीग (आयएसएल) सुरू झाली तेव्हाच्या आठ संघांत एफसी पुणे सिटी होता. घरचं मैदान बालेवाडी, जर्सी केशरी. २०१७-१८च्या हंगामात संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला. पण मालकांकडचा पैसा आटला आणि २०१९ मध्ये पुण्याची जागा हैदराबाद एफसीला मिळाली. प्रशिक्षक फिल ब्राउन तिकडे गेले, मार्सेलिन्योसारखे खेळाडू गेले. नाव गेलं नाही, केशरी रंग गेला नाही. हैदराबादची जर्सी पिवळी-काळी. धरणात गेलेलं गावसुद्धा नव्या जागी आपलं जुनं नाव घेऊन बसतं, या संघाला तेवढंही जमलं नाही.

पहिल्या हंगामात हैदराबाद तळाला राहिलं. मग २० मार्च २०२२, आयएसएलचा अंतिम सामना, गोव्यातलं फातोर्डा, समोर केरला ब्लास्टर्स. एका गोलनं मागे असताना ८८व्या मिनिटाला साहिल तावोरानं बरोबरी साधली. पेनल्टीत गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणीनं तीन फटके अडवले आणि करंडक हैदराबादचा झाला. त्या रात्री बालेवाडीच्या जुन्या चाहत्यानं टाळी कुणासाठी वाजवायची? मला वाटतं, या सगळ्या व्यवहारात खरा तोटा त्याचाच झाला. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

पुढे हैदराबादलाही पैशाची ओढाताण चुकली नाही. २०२५ मध्ये तोच संघ दिल्लीला जाऊन स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाला. दिल्लीचा स्वतःचा डायनामोज २०१९ मध्येच भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला होता. आपला संघ गमावून दुसऱ्याचा मिळवणं कॅनडातल्या विनिपेगनंही अनुभवलं आहे. त्यांचा आइस हॉकीचा जेट्स संघ १९९६ मध्ये फिनिक्सला गेला आणि २०११ मध्ये अटलांटाचा संघ त्यांच्याकडे आला.

माझं मत स्पष्ट आहे. संघाची जागा दुसऱ्या शहराला देण्याआधी मूळ शहरातल्या चाहत्यांचा कौल घेणं बंधनकारक हवं. जर्मनीच्या फुटबॉलमध्ये क्लबची बहुसंख्य मतं सभासदांच्या हाती ठेवणारा नियम आहे. तो कसा चालतो, ते पुढच्या आठवड्यात पाहू.