कुलूपबंद लोहचुंबक

मध्य भारतातील एका जिल्ह्याचा कार्यभार माझ्याकडे असतानाची गोष्ट. एका अंगणवाडीच्या तपासणीत सेविकेने पत्र्याची पेटी उघडून दाखवली. पेटीची किल्ली तिच्या गळ्यातल्या दोऱ्याला बांधलेली होती. आत लोहचुंबक, भिंग, रंगीत ठोकळे, लहानसा तराजू. सारे मूळ वेष्टनात, हात न लागलेले. मी जडसंग्रह नोंदवहीशी मोजणी ताडून पाहिली आणि तपासणी टिपणात लिहिले, 'साहित्य सुस्थितीत आढळले.' त्या वेळी ते मला प्रशंसेचे वाक्य वाटले होते.

बाहेर हातपंपापाशी चारेक वर्षांची एक मुलगी पाण्याने भरलेल्या घमेल्यात वाटी तरंगवत होती. खडा थेट पाण्यात टाकला की बुडे. तोच वाटीत ठेवला की वाटीबरोबर तरंगे. ती एकेक खडा वाढवत होती आणि शेजारी बसलेली तिची आजी म्हणत होती, "अजून एक टाक, बघू काय होतंय." सातव्या की आठव्या खड्याला वाटी बुडाली. मुलीने सगळे खडे गोळा केले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. एवढ्यात आमचा लवाजमा दिसला. "पाण्यात खेळतीये साहेब, आत्ता उठवते," असे ओशाळून म्हणत आजीने तिचा हात ओढला. माझ्या टिपणात त्या घमेल्याचा उल्लेख नाही.

ही आठवण आज सांगण्याचे कारण असे की, लहान मुलांच्या कृतिशील शिक्षणाबाबत केंद्राचे धोरण गेल्या काही वर्षांत योग्य दिशेने वळले आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला. फेब्रुवारी 2023 मध्ये याच वयोगटासाठी खेळणी, कोडी, चित्रपत्ते यांचा 'जादुई पिटारा' आला. त्याच वर्षी मे महिन्यात अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणासाठी 'पोषण भी पढाई भी' हा कार्यक्रम जाहीर झाला. पिटाऱ्यातील साहित्याविषयी माझी तक्रार नाही. माझी शंका त्याच्या कुलपाविषयी आहे.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे थोडे मागे जावेसे वाटते. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये बालमंदिर सुरू केले. तेथे त्यांच्यासह काम केलेल्या ताराबाई मोडक पुढे 1945 मध्ये बोर्डीला आल्या आणि तेथून कोसबाडला गेल्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात, गुरे चारण्याच्या कुरणात जावे, हा त्यांचा आणि अनुताई वाघ यांचा आग्रह होता. पाने, बिया, शिंपले हीच त्यांची साधने. 2 ऑक्टोबर 1975 रोजी 33 प्रकल्पांनी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. अंगण तिच्या केंद्रांच्या नावात टिकले. साधने मात्र हळूहळू खरेदीच्या निविदेत गेली.

याला सेविकेला दोष देणे अन्यायाचे ठरेल. 2018 मध्ये वाढ होऊनही केंद्राने ठरवलेले तिचे मासिक मानधन 4500 रुपये होते; राज्ये त्यात आपापली भर घालतात. भिंग फुटले आणि त्याची वसुली मानधनातून होईल अशी धास्ती असेल, तर कोणती शहाणी बाई ते मुलाच्या हाती देईल? आमच्या लेखी वापरून झिजलेली वस्तू म्हणजे तूट आणि न वापरलेली वस्तू म्हणजे दक्षता.

हे बदलता येते, याचा पुरावा आपल्याकडे आहे. मध्य प्रदेशातील होशंगाबाद, म्हणजे आजच्या नर्मदापुरम जिल्ह्यात 1972 मध्ये किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी 16 शाळांत प्रयोगांवर आधारित विज्ञानशिक्षण सुरू केले. 1978 मध्ये ते जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत गेले, पुढे 'एकलव्य' संस्थेने ते सांभाळले आणि 2002 मध्ये राज्य सरकारने ते बंद केले. तेथील मुले सहावी ते आठवीची होती, म्हणजे आपल्या विषयापेक्षा मोठी. मला महत्त्वाचे वाटते ते त्यामागचे प्रशासन. प्रशिक्षणात शिक्षक आधी स्वतः विद्यार्थी होऊन प्रयोग करत, चुकत, वाद घालत. शाळांना दिलेले साहित्य संपणार, फुटणार हे गृहीत धरून त्याची भरपाई होई. शिक्षक महिन्याला एकत्र बसत. परीक्षेत पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा होती आणि प्रयोगही करावा लागे. अरविंद गुप्ता 1978 मध्ये तेथेच आले आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी व आगपेटीच्या काड्या यांतून त्यांनी भूमितीचे आकार उभे केले. पुढे पुण्याच्या आयुकातील बालविज्ञान केंद्रात त्यांनी हेच काम वाढवले.

तीन ते सहा वयाच्या मुलाला उत्प्लावनाचा सिद्धांत नको असतो. त्याच्या प्रश्नाला लगेच उत्तर न देता 'बघू काय होतंय' म्हणणारे एक मोठे माणूस हवे असते. अंगणवाडीचे काही तास सोडले तर हे माणूस म्हणजे आई, आजी किंवा थोरली बहीण. अंगणवाड्यांत पालकांसाठी दर महिन्याला बालशिक्षण दिवस पाळण्याची तरतूद आहे. मी पाहिलेल्या अशा दिवसांत पालक सतरंजीवर बसून भाषण ऐकत आणि मग छायाचित्र निघे. त्याऐवजी घमेली, वाट्या आणि खडे त्यांच्यापुढे ठेवून त्यांनाच अंदाज करायला लावावा. सावली सकाळी कुठे होती, दुपारी कुठे सरकली, हे खडूने फरशीवर आखायला सांगावे. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही हे जमते, किंबहुना अधिक जमते.

वित्त विभागाने एवढेच करावे: शिक्षणसाहित्य जडसंग्रहातून काढून उपभोग्य वस्तूंत धरावे, वर्षाअखेरीस ठरावीक तुटीचे निर्लेखन सेविकेच्या सहीवर व्हावे आणि भरपाईसाठी थोडा सादिल खर्च तिच्या हाती असावा. याला नवी योजना लागत नाही. एक परिपत्रक पुरते. लेखापरीक्षक सुरुवातीला कुरकुर करतील, कारण आम्हीच त्यांना तसे शिकवले आहे.

निवृत्तीनंतर घराजवळच्या एका अंगणवाडीत मी अधूनमधून जातो. तेथील सेविका पेटी उघडी ठेवते. मागच्या खेपेला तिने सांगितले की एक लोहचुंबक पंधरा दिवस हरवला होता; शेवटी एका मुलाच्या घरी पिठाच्या डब्याला चिकटलेला सापडला. त्याच्या आईने घरातली भांडी एकेक करून त्याला लावून पाहिली होती, आणि स्टीलच्या काही भांड्यांना तो चिकटतो, काहींना नाही, असे का, हे विचारायला ती अंगणवाडीत आली होती. नोंदवहीत हे काय म्हणून लिहू, असे सेविकेने मला विचारले.