बिनदाराच्या घरातला नवा सोबती

‘‘काकू, तुमच्या गावात म्हणे चोरच येत नाहीत. मग कुत्रं कशाला?’’ पुण्याच्या एका प्राणी आश्रयकेंद्रातल्या मुलीनं हसत विचारलं. शनिशिंगणापूर म्हटलं की हा प्रश्न ठरलेलाच! परंपरेनं आमच्याकडे घराला चौकट असते, पण दार नसतं, कडीकोयंडा नसतो. २०११ मध्ये युको बँकेची शाखा आली, तीही ‘बिनकुलपाची’ म्हणून गाजली. रात्री चौकटीला एखादी फळी टेकवतात, ती चोरासाठी नव्हे, भटकी कुत्री आत शिरू नयेत म्हणून. आणि आम्ही तर कुत्रंच घरी आणायला निघालो होतो.

हट्ट पाचवीतल्या पुतणीचा. तिला जाहिरातीत पाहिलेला पग हवा, जाऊबाईंना पांढराशुभ्र पामेरियन. लहान जात म्हणजे कमी त्रास, असा सगळ्यांचा हिशेब. पण पगचं नाक चपटं, आमच्याकडच्या वैशाखात त्याला धाप लागते. पामेरियनला केसांचा व्याप, शिवाय नवखं माणूस दिसलं की भुंकणं. शनिवारी, अमावास्येला दर्शनाला रीघ लागते, त्यानं भुंकायचं तरी किती?

त्या मुलीनं कुत्री दाखवण्याआधी आमचीच चौकशी केली. दिवसभर घरी कोण असतं? लहान मूल, म्हातारं माणूस आहे का? गावाला गेलात तर कोण सांभाळणार? शेवटी विचारलं, ‘‘दार नीट लागतं ना?’’ मी म्हटलं, ‘‘बाई गं, दारच नाही!’’ ती विचारात पडली. म्हणाली, ‘‘मग घाबरट कुत्रं नको, पहिल्या फटाक्यालाच पळून जाईल. तापट तर नकोच, येणाऱ्या-जाणाऱ्याला चावेल. जात सोडा काकू, स्वभाव बघा.’’

मैत्रिणींनो, मला तरी हेच पटलं. पिल्लू गोजिरवाणं असतं, पण मोठेपणी ते केवढं होईल, कसं वागेल, हे सांगता येत नाही. दोन-तीन वर्षांच्या कुत्र्याचा आकार अन् स्वभाव दोन्ही समोर असतं. शिवाय आश्रयकेंद्रात मोठ्या कुत्र्यांना मागणी कमी.

आम्ही एका गावठी कुत्रीपाशी थांबलो. तीन वर्षांची, साधारण पंधरा किलोची, नसबंदी झालेली, कानाला तशी खूणही होती. आम्ही शांत बसून राहिलो, तर ती आपणहून जवळ आली. टाळी वाजवली तर दचकली, पण लगेच सावरली. पुतणीनं हात पुढे केला तर हुंगून शेपटी हलवली. खाणं समोर असताना कुणी जवळ गेलं तर ती गुरगुरत नाही ना, हे तिथल्या माणसांनीच सांगितलं. आम्ही दुसऱ्यांदा घरच्या सगळ्यांना घेऊन गेलो, मगच ‘हो’ म्हटलं.

अडचण एकच होती. कुत्री काळीकुळकुळीत! सासूबाई म्हणाल्या, ‘‘काळं नको घरात.’’ शनिवारी हातात भाकरी घेऊन काळं कुत्रं शोधत फिरणारे आपणच, आणि रविवारी त्याला हाड् म्हणणारेही आपणच. मी एवढंच म्हटलं, ‘‘आई, आता शनिवारी शोधत फिरायला नको.’’ त्या हसल्या नाहीत, पण नकोही म्हणाल्या नाहीत.

दत्तक घेताना लसीकरणाचं कार्ड मागून घ्या. रेबीजची लस दरवर्षी, जंताचं औषध डॉक्टर सांगतील तसं. खाण्यात कांदा-लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट नको, शिजवलेली हाडंही नकोत. मूल लहान असेल तर त्याला कुत्र्यापाशी एकटं सोडू नका. खाताना, झोपलेलं असताना त्याला छेडायचं नाही, हे मुलांना आधी शिकवा. कधी कुठलंही कुत्रं चावलंच, तर हळद, तिखट, चुना काही लावायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आणि धीर धरा. पहिले चार दिवस आमची काळी पलंगाखालून बाहेर आली नाही. जाऊबाई म्हणाल्या, ‘‘परत देऊ या.’’ पण एकदा टाकलेल्या जिवाला पुन्हा टाकायचं? नव्या घरी रुळायला सुनेलाही वेळ लागतोच की! पहिला महिनाभर तिला पट्ट्याशिवाय बाहेर नेलं नाही. हळूहळू ती अंगणात यायला लागली. आता भाविकांची गर्दी उंबऱ्यात बसून बघते.

परवा रात्री सासूबाई चौकटीला फळी टेकवत होत्या. मी म्हटलं, ‘‘राहू द्या, आता कुठलं कुत्रं आत येतंय?’’ तर म्हणाल्या, ‘‘आत येईल म्हणून नाही गं. ही बाहेर जाईल म्हणून.’’