जुन्या जीपला ओव्हरड्राइव्ह: काय मिळते, काय जाते

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने गिअरवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण आपल्या शिनोलीकडच्या जुन्या जीपवाल्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "ओव्हरड्राइव्ह टाकला तर गाडी पळेल का?" या साध्या प्रश्नात वेग आणि ताकद यांची गल्लत झालेली आहे. ती आधी सोडवू.

महिंद्रांनी १९४७पासून मुंबईत विलिस जीप जुळवायला सुरुवात केली. पुढे उंच बॉनेटची सीजे-३बी आली, आणि 'जीप' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तीच उभी राहते. बॉनेट उंच का? तर आतले हरिकेन इंजिन उंच होते म्हणून! या गाडीचा गिअरबॉक्स तीन गिअरचा. पहिल्याचे गुणोत्तर २.८०, दुसऱ्याचे १.५५, तिसरा थेट, म्हणजे १. मागे एक्सलमध्ये क्राऊन-पिनियनचे ५.३८. याचा अर्थ असा की, टॉप गिअरमध्ये चाकाचा एक फेरा होईपर्यंत इंजिन पाच फेऱ्यांहून जास्त फिरते. शेतातून ओझे ओढायला हे उत्तम. पण मंचरहून नारायणगावच्या हमरस्त्याला लागलात की हेच नडते.

हिशेब करून बघा. ६.००-१६च्या टायरचा घेर सुमारे २.२ मीटर धरू. ताशी ६० किलोमीटरला इंजिन मिनिटाला साधारण २४५० फेरे घेते. ८०ला तेच सव्वातीन हजारांवर जाते. कानठळ्या बसतात त्या इथे. डिझेल इंजिन असेल तर गव्हर्नरचा लगाम आणखी वेगळा, ते ठरलेल्या फेऱ्यांपुढे जातच नाही. २५ टक्क्यांचा ओव्हरड्राइव्ह घातला की इंजिनाचे फेरे पाऊणपट होतात. म्हणजे ८०च्या वेगाला इंजिन तेवढेच फिरेल जेवढे आधी ६०ला फिरत होते. लोकांना 'गाडी पळते' असे वाटते ते यामुळे.

पण इंजिनाची ताकद तसूभरही वाढलेली नाही, हे लक्षात घ्या. फेरे पाऊणपट झाले तसा चाकाशी मिळणारा जोरही पाऊणपट झाला. एका हाताने दिले ते दुसऱ्या हाताने घेतले. सपाटीवर हा सौदा परवडतो, कारण तिथे जोर शिल्लक असतो. चढावर परवडत नाही. डिझेल वाचते का, असे विचाराल तर सपाटीवर एका वेगाने जाताना थोडे वाचावे. घाटात त्याची आशा धरू नये.

आतली रचना फार देखणी आहे. मधे सूर्य गिअर, भोवती फिरणारे छोटे ग्रह गिअर, आणि बाहेरून आतल्या बाजूला दाते असलेली रिंग. सूर्य धरून ठेवायचा, ग्रहांचा कॅरियर फिरवायचा, की रिंग कॅरियरपेक्षा जोरात फिरते. समजा सूर्याला २० दाते आणि रिंगला ६०. कॅरियरचे तीन फेरे होतात तेव्हा रिंगचे चार. झाला आपला पाऊणपटीचा हिशेब! सूर्य सोडून सगळे एकत्र अडकवले की गुणोत्तर पुन्हा एकास एक.

हे यंत्र बसते कुठे? जीपच्या स्पायसर १८ ट्रान्सफर केसच्या मागे एक तोंड असते, त्यावर झाकण असते. मळणीयंत्र, पट्ट्याची पुली वगैरे चालवण्यासाठी तिथून ताकद बाहेर काढता यावी, अशी ती सोय. अमेरिकेतल्या वॉर्न कंपनीने या तोंडात बसणारा ओव्हरड्राइव्ह काढला. त्याच घडणीचा पुढचा अवतार सॅटर्न. नट आणि कॉटर पिन काढून मेनशाफ्टवरचा गिअर ओढून घ्यायचा आणि त्या जागी हा चढवायचा. गंमत बघा, नांगरणी-मळणीसाठी ठेवलेले तोंड आपण डांबरी रस्त्यासाठी वापरतो. एकदा ओव्हरड्राइव्ह बसला की ते तोंड शेतीच्या कामाला साधारणपणे उरत नाही. ज्याला तिथून काही चालवायचे आहे त्याने इथेच थांबावे.

आता आमच्या मते जी खरी गोष्ट आहे ती. ओव्हरड्राइव्ह हाय-लोच्या आधी बसतो, म्हणून तो प्रत्येक गिअरमध्ये चालतो. दुसऱ्याच्या १.५५ला पाऊणपट केले की सुमारे १.१६ येते. डिंभ्याच्या पुढे पोखरीचा घाट चढताना जीपवाल्याची नेहमीची अडचण आठवा: दुसऱ्यात इंजिन किंचाळते, तिसऱ्यात टाकले की मरते. मधली पायरीच नाही! १.१६ ही ती मधली पायरी. म्हणून आम्ही म्हणतो, हमरस्त्यावरच्या ८०साठी पैसे घालू नका. घालायचे तर भीमाशंकरच्या रस्त्यावरच्या या पायरीसाठी घाला.

दुसरा मार्ग क्राऊन-पिनियन बदलण्याचा. फोर-व्हील गाडी आहे, तेव्हा पुढचे आणि मागचे दोन्ही बदलावे लागतात, नाहीतर चारही चाके जोडताच दोन एक्सल एकमेकांशी भांडतात. शिवाय तो बदल कायमचा. पहिल्या गिअरचा जोरही गेला तो गेलाच. ओव्हरड्राइव्ह नको तेव्हा लिव्हरने काढून टाकता येतो. मोठे टायर घालणे हा तिसरा मार्ग, तो आम्हाला पसंत नाही.

ब्रेकचे मात्र कोणी बोलत नाही. वेग ६०चा ८० झाला की गाडीतली गतिज ऊर्जा जवळजवळ पावणेदोनपट होते, आणि ती जिरवायला तेच जुने ड्रम ब्रेक. आधी ब्रेक, स्टिअरिंगचे जोड आणि टायर बघा, मग ओव्हरड्राइव्हचे. आणि घाट उतरताना तो काढलेलाच हवा. त्यात इंजिन कमी फिरते, म्हणून ते गाडीला कमी आवरते. सगळा भार ब्रेकवर येतो आणि ड्रम तापतात.

कायद्याचेही बघावे लागते. 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात नागसेन यवन राजाला विचारतो की आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का? (आपल्या जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांचे लेख कोरलेले आहेत, तेव्हा ही चर्चा आपल्याला परकी नाही.) मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलमही तेच विचारते: काय बदलले म्हणजे गाडी तीच राहत नाही? नोंदणीतला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली हे कलम कडकपणे लावले. तेव्हा पैसे मोजण्याआधी पिंपरी-चिंचवडच्या परिवहन कार्यालयात लेखी विचारून घ्या. विम्यावाल्यालाही कळवा.

उरली बसवण्याची बाब. मेनशाफ्टवरच्या गिअरचे दाते सगळ्या जीपांत सारखे नसतात. झाकण उघडून मोजा आणि मगच मागवा, कारण माल अमेरिकेतून यायचा, परत पाठवणे महाग. ट्रान्सफर केसची बेअरिंगं खिळखिळी असतील तर ती आधी बदला. बसवल्यावर पहिले काही दिवस तेलाची पातळी पुन:पुन्हा बघा; नव्या यंत्रात तेल भरले की ट्रान्सफर केसमधली पातळी खाली जाते. आणि लिव्हर टाकताना क्लच पूर्ण दाबा.