‘आपलाच पैलवान मारणार!’

चैत्र लागला की शिरूर तालुक्यात निमोणे, गुनाट, न्हावरे, चिंचणी या पट्ट्यात यात्रांचा हंगाम सुरू होतो. पालखी, छबिना, तमाशा आणि ऊन कलल्यावर कुस्त्यांचा आखाडा, हा क्रम सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला असतो. रेवड्यांवरच्या पोरासोरांच्या कुस्त्यांनी सुरुवात होते आणि मोठ्या इनामाची शेवटची कुस्ती सुटेपर्यंत गर्दी जागची हलत नाही. ही शेवटची जोड फ्लेक्सवर झळकली, की यात्रेच्या दिवसापर्यंत पारावर आणि चहाच्या टपरीवर वेगळाच आखाडा रंगतो. एकच प्रश्न असतो, कोण मारणार?

या गप्पांना आपण करमणूक समजतो. पण कुस्तीआधीच्या अशा अंदाजात आपल्या मेंदूचे आणि हृदयाचे काय होते, याचा संशोधकांनी बराच अभ्यास केला आहे. त्यातून निघालेल्या काही गोष्टी यात्रेला जाणाऱ्या प्रत्येकाने, विशेषतः पन्नाशी ओलांडलेल्यांनी, माहीत करून घ्याव्यात अशा आहेत.

आधी पारावरच्या मंडळींच्या बाजूने एक गोष्ट. त्यांची नजर अगदीच कच्ची नसते. माणसाच्या शरीराचा, इतकेच काय नुसत्या चेहऱ्याचा फोटो पाहूनही त्याच्या दंडात किती ताकद असेल याचा बऱ्यापैकी बरोबर अंदाज लोक बांधतात, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. जुने जाणते पैलवानाची मान बघतात, मांड्या बघतात आणि हमखास कान बघतात. कानाला पुनःपुन्हा मार बसला, की आतली कूर्चा आणि तिच्यावरचे आवरण यांच्यामध्ये रक्त साकळते. कूर्चेला पोषण याच आवरणातून मिळते. ते तुटले की ती मरते आणि तिच्या जागी वेडीवाकडी गाठ तयार होते. म्हणून मोडलेला कान म्हणजे वर्षानुवर्षांच्या सरावाची शरीरावर राहिलेली नोंद आहे, हे म्हाताऱ्यांचे म्हणणे खरेच आहे. (पैलवानांच्या आईवडिलांसाठी एक सूचना: कान सुजल्याबरोबर डॉक्टरकडे जाऊन साकळलेले रक्त काढून घेतले, तर कान वाचतो. ‘पैलवानाची निशाणी’ म्हणून तो तसाच ठेवण्यात शहाणपण नाही.)

तेव्हा निरीक्षण बरे असते. घोळ पुढे होतो. ज्या जोडीबद्दल निमोण्यात ‘आपला गडी पाच मिनिटांत अस्मान दाखवतो का नाही बघा’ असे ऐकू येईल, तिच्याचबद्दल समोरच्या पैलवानाच्या गावात तितक्याच खात्रीने उलट ऐकू येईल. दोन्हीकडे वजन माहीत, उंची माहीत, तालीम माहीत, मागच्या कुस्त्यांचे व्हिडिओही तेच पाहिलेले. माहिती एकच आणि निष्कर्ष दोन.

लोक मनात एक धरून तोंडाने दुसरे बोलतात, गावापुढे आपल्या माणसाची बाजू सोडवत नाही म्हणून असे म्हणतात, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. अमेरिकेतल्या जोसेफ सिमन्स आणि केड मॅसी या संशोधकांनाही ती आली. तिकडे गावोगावचे लोक हातात चेंडू घेऊन धडका देत खेळल्या जाणाऱ्या अमेरिकन फुटबॉलवर जीव टाकतात. या दोघांनी चाहत्यांना एका सामन्याचा निकाल ओळखायला सांगितला. काहींना बरोबर उत्तरासाठी ५ डॉलर कबूल केले, काहींना ५० डॉलर. नुसती बढाई असती, तर ५० डॉलरसाठी माणसाने खरे काय ते सांगितले असते. पण पैसे वाढले तरी आपल्या संघाकडचा कल काही कमी झाला नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा अर्थ असा, की चाहता खोटे बोलत नाही. त्याला मनापासून तसेच वाटते. याच संशोधकांनी त्याआधी एका संपूर्ण हंगामात, म्हणजे सतरा आठवडे, चाहत्यांकडून दर आठवड्याला अंदाज घेतले होते. दर आठवड्याला निकाल समोर येत होते, तरी आपल्या संघाबद्दलचा फाजील विश्वास टिकून राहिला.

आता आपल्याकडचे वर्ष घेऊ. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात कोथरूडला महाराष्ट्र केसरीची लढत झाली. शेवटची कुस्ती राजगुरुनगरच्या शिवराज राक्षेची आणि सोलापूर जिल्ह्यातल्या महेंद्र गायकवाडची. दोघेही काका पवारांच्या एकाच तालमीतले, म्हणजे एकमेकांचे डाव तोंडपाठ असलेले. अशी कुस्ती लांबणार, असा कुणीही अंदाज केला असता. शिवराजने महेंद्रला मिनिटभराच्या आत चितपट केले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुणे जिल्ह्यातच, फुलगावला, पुन्हा महाराष्ट्र केसरी झाली. गतविजेता शिवराज अंतिम फेरीत होता आणि समोर मोहोळचा सिकंदर शेख. जानेवारीत सिकंदरला माती विभागातूनही बाहेर पडता आले नव्हते. या खेपेला त्याने अर्ध्या मिनिटाच्या आत शिवराजची पाठ टेकवली.

हे निकाल लागल्यावर ‘मी आधीच म्हणत होतो’ म्हणणारे पुष्कळ भेटले असतील. निकाल कळला की आपल्याला तो आधीपासूनच दिसत होता असे वाटू लागते. १९७५ मध्ये बारूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने प्रयोगातून हे दाखवले आणि तेव्हापासून ते वारंवार आढळले आहे. खरी गोष्ट अशी, की चितपटीने सुटणाऱ्या कुस्तीत अंदाज बांधणे मुळातच अवघड असते. कबड्डीत चाळीस मिनिटांत कितीतरी गुण होतात, एक चढाई फसली तर पुढे भरून काढता येते. कुस्तीत पाय एकदा हवेत गेला की संपले. एक क्षण सगळ्याचा निकाल लावतो, तिथे थोडा कमी ताकदीचा मल्लही बऱ्याच वेळा जिंकतो. म्हणून तर आखाड्याला गर्दी होते.

आधीच्या अंदाजाने आणखी एक नुकसान होते आणि ते अधिक गंभीर आहे. मनाने एकदा बाजू धरली, की पुढे डोळेही त्या बाजूने पाहू लागतात. याचे जगातले सर्वात गाजलेले उदाहरण अमेरिकेतल्या दोन कॉलेजांच्या सामन्याचे आहे. २३ नोव्हेंबर १९५१ रोजी प्रिन्स्टन आणि डार्टमथ यांच्यात अमेरिकन फुटबॉलचा सामना झाला. प्रिन्स्टनचा हुकमी खेळाडू डिक कॅझमायर नाक मोडून मैदानाबाहेर गेला. पुढे डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय मोडला. सामना प्रिन्स्टनने जिंकला, पण भांडण दोन्ही कॉलेजांच्या वर्तमानपत्रांतून पुढे कितीतरी दिवस चालले. ॲल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी मग दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्या सामन्याची एकच फिल्म दाखवली आणि दिसतील तेवढे नियमभंग टिपायला सांगितले. प्रिन्स्टनच्या पोरांना डार्टमथच्या खेळाडूंचे जेवढे नियमभंग दिसले, त्याच्या निम्म्याहून कमी डार्टमथच्या पोरांना दिसले. फिल्म तीच होती. १९५४ मध्ये छापलेल्या या निबंधात त्यांनी असे मांडले, की ‘तो सामना’ म्हणून सगळ्यांना सारखी दिसणारी एकच वस्तू नसतेच. प्रत्येक जण आपापला सामना पाहतो.

कोथरूडच्याच स्पर्धेत माती विभागात महेंद्र आणि सिकंदर यांची कुस्ती झाली, ती आठवून पाहा. ‘बाहेरची टांग’ या डावावर पंचांनी महेंद्रला चार गुण दिले आणि त्यावरून राज्यभर रण पेटले. तो काही सेकंदांचा तुकडा मोबाइलवर हजारोंनी थांबवून थांबवून पाहिला. चार गुण योग्यच, असे एकाला स्वच्छ दिसत होते. दुसऱ्याला तितकेच स्वच्छ दिसत होते, की डाव पूर्ण झालाच नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ आणि शिवराज राक्षे यांच्या कुस्तीत पाठ टेकली की नाही, यावरून पुन्हा तेच झाले. पंच बरोबर की चूक, हा या स्तंभाचा विषय नाही. व्हिडिओ पुन्हा पाहिल्याने असले वाद मिटत का नाहीत, याचे उत्तर मात्र १९५४ पासून आपल्यापाशी आहे.

जाता जाता लाल-निळ्याबद्दल. लाल पोशाखाचा मल्ल जास्त जिंकतो, असे काही जण ठामपणे सांगतात. ही समजूत हवेतून आलेली नाही. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमधल्या कुस्ती, मुष्टियुद्ध आणि तायक्वांदोच्या लढती तपासून दोन ब्रिटिश संशोधकांनी २००५ मध्ये तसे म्हटले होते. लाल पोशाखातल्यांनी शंभरात पंचावन्नच्या आसपास लढती जिंकल्या होत्या. पुढे अनेक ऑलिंपिक आणि जागतिक स्पर्धांमधल्या हजारो लढती एकत्र तपासल्या, तेव्हा हा फायदा जवळपास शून्यावर आला. लालवर पैज लावू नका.

आता हृदयाकडे वळू. आपल्या माणसाची कुस्ती लागते तेव्हा पाहणाऱ्याचे शरीरही काही प्रमाणात आखाड्यात उतरते. १९९४ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ब्राझीलने इटलीला हरवले. तेव्हा मोजक्या चाहत्यांच्या लाळेचे नमुने घेतले होते. ब्राझीलच्या चाहत्यांचे टेस्टोस्टेरॉन सामन्यानंतर वाढले आणि इटलीच्या चाहत्यांचे घटले, आणि यातला एकही जण स्वतः खेळलेला नव्हता. २०१० च्या अंतिम सामन्यात स्पेनच्या चाहत्यांवर झालेल्या अभ्यासात सामना पाहताना टेस्टोस्टेरॉन आणि ताण वाढवणारे कॉर्टिसॉल दोन्ही चढलेले आढळले, पण विजयानंतर ते आणखी वाढले नाहीत. तेव्हा जिंकल्याचा परिणाम नेमका किती यावर मतभेद आहेत. पाहताना शरीर ताणले जाते, याबद्दल फारसा नाही.

हा ताण धडधाकट माणसाला बाधत नाही. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत आधीच चरबीचे थर साचले आहेत, त्याची गोष्ट वेगळी. ॲड्रेनलिन वाढले की नाडी आणि रक्तदाब चढतात. अशा वेळी वाहिनीतल्या थराला तडा जाऊ शकतो आणि त्यावर गुठळी धरते. यातूनच हृदयविकाराचा झटका येतो. २००६ चा फुटबॉल विश्वचषक जर्मनीत झाला, तेव्हा म्युनिक परिसरातल्या डॉक्टरांनी ४,२७९ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी हृदयाच्या तातडीच्या घटना एरवीच्या २.६६ पट होत्या. पुरुषांत हे प्रमाण ३.२६ पट आणि स्त्रियांत १.८२ पट होते. ज्यांना आधीपासून हृदयविकार होता त्यांच्यात ते चौपट झाले होते. सर्वाधिक घटना सामना सुरू झाल्यावर पहिल्या दोन तासांत घडल्या होत्या. इंग्लंडमध्येही ३० जून १९९८ रोजी अर्जेंटिनाविरुद्ध पेनल्टीवर सामना गेल्यानंतर, त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस झटक्याने रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्या २५ टक्क्यांनी वाढली होती.

म्युनिक आणि आपली यात्रा यांत फरक आहेत आणि ते आपल्या बाजूचे नाहीत. चैत्र-वैशाखातले ऊन, दुपारपासून मोकळ्या रानात बसणे, पाणी कमी आणि चहा जास्त, तोंडात तंबाखू. उन्हाने अंगातले पाणी कमी झाले की रक्त घट्ट होते, हृदयाला जास्त धावावे लागते. तंबाखूतले निकोटिन नाडी आणखी वाढवते. त्यातच यात्रेच्या गडबडीत रक्तदाबाची गोळी त्या दिवशी हमखास राहून जाते.

म्हणून कुस्त्या पाहायला जरूर जावे, पण सकाळची गोळी घेऊन, डोक्यावर टोपी-उपरणे आणि हातात पाण्याची बाटली घेऊन. अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेल्यांनी एकटे बसू नये. शेजारी घरचे किंवा ओळखीचे माणूस असावे. यात्रा कमिटीने गर्दीतून रुग्णवाहिका आत येईल एवढी एक वाट मोकळी ठेवावी. कुस्त्यांच्या मैदानात ही वाट सर्वात आधी बुजते.

आणि डोके थंड ठेवायचे असेल, तर त्यासाठीही एक साधा उपाय आहे. १९८४ मध्ये झालेल्या एका प्रयोगात लोकांना ‘निःपक्षपातीपणे विचार करा’ असे बजावून काहीच उपयोग झाला नाही. ‘याच्या उलट निघाले असते, तर तुम्ही काय म्हटले असते?’ असे विचारल्यावर मात्र त्यांचा एकांगीपणा कमी झाला. तेव्हा पारावर ‘आपला गडी का मारणार’ याची कारणे सांगून झाली, की ‘तो हरला तर कशामुळे हरेल’ याचीही दोन कारणे सांगायची पैज लावून पाहावी. नाहीतर ज्याचा या कुस्तीशी काही संबंध नाही अशा तिसऱ्या गावच्या वस्तादाला विचारावे. एक सोपी युक्ती अशी, की कुस्तीआधी आपला अंदाज मोबाइलमध्ये लिहून ठेवायचा. मग ‘मी म्हणत होतोच’ म्हणायची सोय राहत नाही.

हलगी टिपेला पोचलेली असताना शेजारचा माणूस छाती धरून खाली बसला, तर ‘ऊन लागलं असेल’ म्हणून सोडून देऊ नका. छातीत दाब, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत कळ, दरदरून घाम, धाप, ही झटक्याची लक्षणे आहेत. मधुमेह्यांमध्ये छातीत दुखण्याऐवजी नुसता थकवा किंवा मळमळही असू शकते. त्याला चालवू नका, मोटारसायकलवर मध्ये धरून शिरूरला नेऊ नका. अंगावरचे कपडे सैल करा, सावलीत अर्धवट बसत्या स्थितीत ठेवा आणि ताबडतोब १०८ ला फोन लावा.