बांधणी-साधने, मुक्तस्रोत आज्ञावल्यांची

आज्ञावलीच्या मूळ संहितेपासून संगणकावर प्रत्यक्ष चालणारा संच तयार करण्याच्या क्रियेस बांधणी म्हणतात आणि ही क्रिया ठराविक क्रमाने व आपोआप पार पाडणाऱ्या साहाय्यक आज्ञावल्यांना बांधणी-साधने म्हणतात. मुक्तस्रोत आज्ञावलीची मूळ संहिता वाचण्याची, तीत बदल करण्याची व बदललेली प्रत इतरांस देण्याची मुभा परवान्याने सर्वांनाच दिलेली असते. परंतु केलेला बदल योग्य आहे की नाही, हे आज्ञावली नव्याने बांधून चालविल्याखेरीज कळत नाही. त्यामुळे ही मुभा प्रत्यक्षात किती लोकांना वापरता येईल, हे पुष्कळ अंशी बांधणी-साधनावर अवलंबून असते. जीएनयू सार्वजनिक परवान्याच्या १९९१ मधील दुसऱ्या आवृत्तीने मूळ संहितेच्या व्याख्येतच बांधणी व स्थापना नियंत्रित करणाऱ्या आज्ञालेखांचा समावेश केला, त्यामागील कारणही हेच आहे.

स्वरूप व विकास : मोठ्या आज्ञावलीची संहिता हजारो फाइलींत विभागलेली असते. कंपायलर प्रत्येक फाइलीचे यंत्रभाषेत रूपांतर करतो व लिंकर हे सुटे भाग एकत्र जोडतो. एका फाइलीत बदल झाल्यास सर्वच भाग पुन्हा तयार करणे वेळखाऊ ठरते. या अडचणीवर बेल प्रयोगशाळेतील स्ट्यूअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये ‘मेक’ हे साधन तयार केले. कोणता भाग कशावर अवलंबून आहे याची नोंद मेकफाइल नावाच्या फाइलीत असते. फाइलींच्या बदलांच्या वेळा ताडून मेक केवळ आवश्यक तेवढेच भाग पुन्हा घडविते.

पुढे युनिक्स प्रणालीचे अनेक भेद निर्माण झाले व एकच मेकफाइल सर्वत्र चालेना. त्यासाठी १९९१ मध्ये ऑटोकॉन्फ हे साधन आले. त्याने तयार केलेला ‘कॉन्फिगर’ हा आज्ञालेख प्रथम संगणकाची तपासणी करतो व तदनुसार मेकफाइल बनवितो. वापरणाऱ्याची यामुळे मोठी सोय झाली. तथापि बदल करू इच्छिणाऱ्यास एम-४ ही आणखी एक दुर्बोध भाषा शिकणे भाग पडले. नंतरच्या सीमेक, मेसॉन इ. साधनांनी वर्णनाची भाषा सोपी करण्यावर भर दिला. केडीई प्रकल्पाने आपल्या चौथ्या आवृत्तीसाठी सीमेकचा स्वीकार केला, तर सिस्टिमडी प्रकल्प २०१७ मध्ये मेसॉनकडे वळला.

देवनागरीचे उदाहरण : बांधणी-साधनाचा सहभागावर होणारा परिणाम भारतीय लिप्यांच्या संगणकीकरणात स्पष्ट दिसतो. मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र (एनसीएसटी, स्थापना १९८५) ही संस्था पुढे सी-डॅक या संस्थेत विलीन झाली. सी-डॅकच्या मुंबई केंद्राचे एक संकुल नवी मुंबईत सीबीडी बेलापूर येथील सेक्टर ७ मध्ये, खारघर रेल्वे स्थानकासमोर आहे. एनसीएसटीने इंडिक्स या प्रकल्पाद्वारे लिनक्सवर भारतीय लिप्या दिसाव्यात म्हणून एक्स विंडो या चित्रमय प्रणालीच्या पातळीवर बदल केले. त्याच संस्थेत अक्षररचनाकार र. कृ. जोशी यांनी रघू हा देवनागरी टंक सिद्ध केला. अक्षरे जुळविण्याची सोय प्रणालीच्या तळाशीच केली, तर तीवर चालणाऱ्या अनेक आज्ञावल्यांना तिचा एकदम लाभ मिळावा, हा यामागील विचार होता.

मात्र एक्स विंडोची संहिता त्या काळी अखंड स्वरूपाची होती व ती आयमेक या साधनाने बांधली जाई. ‘मेक वर्ल्ड’ ही आज्ञा देऊन सबंध प्रणाली बांधण्यास तत्कालीन सामान्य संगणकावर काही तास लागत. आयमेकचे साचे नीट समजणारे लोकही थोडेच होते. एखादे जोडाक्षर चुकीचे दिसते, हे ध्यानात आलेल्या भाषाभ्यासकास ती चूक स्वतः दुरुस्त करून पाहणे जवळजवळ अशक्यच होते.

एक्स-ऑर्ग संघटनेने २१ डिसेंबर २००५ रोजी दोन आवृत्त्या एकाच वेळी प्रसिद्ध केल्या. त्यांतील संहिता एकच होती. फरक बांधणीचा होता. ६.९ ही आवृत्ती अखंड व आयमेकवर आधारित होती, तर ७.० ही स्वतंत्र घटकांत विभागलेली व ऑटोकॉन्फच्या कुळातील साधनांनी बांधली जाणारी होती. या विभागणीमुळे एखादी लायब्ररी किंवा एखादे चालक-सॉफ्टवेअर तेवढेच बांधून सुधारणे शक्य झाले. मात्र अनेक घटकांच्या आवृत्त्या एकमेकींशी जुळविणे व ते योग्य क्रमाने बांधणे, हे नवे काम उत्पन्न झाले आणि त्यासाठी पुन्हा निराळी साधने लागली.

अक्षरजुळणीचे कार्य पुढे एक्स विंडोकडून वरच्या थरातील लायब्रऱ्यांकडे गेले. हार्फबझ ही त्यांपैकी प्रमुख लायब्ररी होय. ती आटोपशीर असून मेसॉनच्या साहाय्याने साध्या संगणकावरही थोड्या मिनिटांत बांधता येते. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा र योग्य रूपात उमटतो की नाही, हे टंक व अशी लायब्ररी या दोहोंवर अवलंबून असते. म्हणून तिची बांधणी सुलभ असणे ही मराठी लेखनाच्या दृष्टीनेही महत्त्वाची गोष्ट आहे.

सहभागातील अडसर : नवागताला मुख्यतः चार अडचणी येतात. पूरक लायब्रऱ्या योग्य आवृत्तीसह मिळविणे ही पहिली, बांधणीस लागणारा वेळ व स्मृती ही दुसरी, त्रुटिसंदेशांची दुर्बोधता ही तिसरी आणि मूळ कर्त्याच्या व स्वतःच्या संगणकांतील भेद ही चौथी. स्वेच्छेने काम करणाऱ्याजवळ फावला वेळ बेताचाच असतो. तो बांधणीतच खर्ची पडल्यास मूळ दुरुस्ती राहून जाते. याउलट जेथे बांधणीची गरजच नसते, तेथे सहभाग सहज वाढतो. गेटटेक्स्ट पद्धतीत भाषांतराच्या फाइली संहितेपासून अलग असल्याने मराठी भाषांतरकार आज्ञावली न बांधता काम करू शकतात. परंतु शब्द पडद्यावर कोठे व कसा दिसेल, हे त्यांना बांधलेल्या आवृत्तीखेरीज कळत नाही.

बांधणी हा शिक्षणाचाही विषय होऊ शकतो. पवई येथील भारतीय तंत्रविद्या संस्थेत उदय खेडकर यांच्या पुढाकाराने चाललेल्या जीसीसी रिसोर्स सेंटरच्या कार्यशाळांत जीसीसी या कंपायलरची जुळवणी व बांधणी हा एक स्वतंत्र विषय होता. जीसीसी प्रथम उपलब्ध कंपायलरने बांधला जातो. या पहिल्या संचाने दुसरा व दुसऱ्याने तिसरा संच तयार होतो आणि अखेरचे दोन संच ताडून पाहिले जातात. हा क्रम समजल्याशिवाय अंतर्भागात बदल करणे कठीण जाते.

सुरक्षितता : बांधणीचे आज्ञालेख फार थोडे लोक वाचतात, याचा गैरफायदा घेतला गेल्याचे मार्च २०२४ मध्ये उघडकीस आले. एक्सझेड या संपीडन-आज्ञावलीच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत घातक भाग घुसविण्यात आला होता. तो कार्यान्वित करणारा एम-४ आज्ञालेख सर्वांसाठी खुल्या असलेल्या संहिता-भांडारात नव्हता. तो केवळ वितरणासाठी बनविलेल्या गठ्ठ्यात होता. प्रवेशक्रियेस लागणारा किंचित विलंब लक्षात आल्याने अँड्रेस फ्रॉइंड यांनी शोध घेतला व हा प्रकार उजेडात आणला. एकाच संहितेपासून कोणीही बांधले तरी तंतोतंत तोच संच निघावा, अशी पुनरुत्पादनक्षम बांधणीची चळवळ डेबियन आदी प्रकल्पांत चालू आहे. वितरित संच खुल्या संहितेपासूनच बनला आहे, याची खातरजमा तीमुळे करता येते.

उपाय : सर्व पूरक घटकांसह बंदिस्त केलेले तयार कार्यपरिसर, आधी बांधलेल्या भागांचा साठा आणि पाठविलेला प्रत्येक बदल मध्यवर्ती संगणकांवर आपोआप बांधून तपासण्याची व्यवस्था, हे उपाय आता रूढ झाले आहेत. कमी शक्तीचा संगणक असलेल्या विद्यार्थ्यास त्यांचा विशेष उपयोग होतो. परंतु तयार परिसर उतरवून घेण्यासही चांगली जोडणी व साठवणक्षमता लागते आणि परिसर तयार मिळाला तरी आतील घडण समजतेच असे नाही. म्हणून थोडे पूरक घटक, स्वतंत्रपणे बांधता येणारे भाग आणि सुबोध, वाचनीय बांधणीलेख ही मुक्तस्रोत प्रकल्पाची मूलभूत गरज मानली पाहिजे.