बर्फ उपसावा की वितळवावा?

जुन्नरहून पश्चिमेला गेले की सह्याद्रीच्या ऐन कड्यावर घाटघर हे गाव लागते. एका बाजूला जीवधन किल्ला, जवळच नाणेघाट. पावसाळ्यात येथे धो धो पाऊस कोसळतो, थंडीत शेकोटीजवळून उठवत नाही. पण हिम मात्र पडत नाही. तरीही हिमाचे एक गणित मी मांडले, ते याच गावातल्या एका अंगणात.

गेल्या हिवाळ्यात जीवधन उतरून संध्याकाळी एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी टेकलो. विद्यार्थी आता अमेरिकेत, बफेलो शहरात नोकरीला आहे. त्याचे वडील जुन्नरचा बाजार करून नुकतेच परतले होते. पिशवीतून गूळ, तेल, डाळ, मीठ बाहेर निघत होते, तोच मुलाचा फोन आला. त्याच्याकडे तेव्हा सकाळ होती. आदल्या दिवशीची हकीकत त्याने सांगितली. पहाटे उठून दारापासून रस्त्यापर्यंतचे हिम फावड्याने उपसले. मग बायकामुलांना घेऊन गाडीने आठवड्याचे वाणसामान आणले. परत येतो तो काय, रस्ता साफ करणाऱ्या यंत्राने सगळे हिम याच्याच दारापुढे लोटून ठेवलेले! पुन्हा फावडे हाती घेणे आले.

फोन ठेवल्यावर म्हातारबाबा मला म्हणाले, "सर, येवढं शिकलेलं पोर, फावडं कशाला मारतंय? कढत पाणी वतलं की इतळंल ना बर्फ!"

प्रश्न उत्तम होता. नाणेघाटाच्या लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांनी दान दिलेल्या गायी, घोडे आणि नाणी यांची मोजदाद आकड्यांत कोरून ठेवली आहे. त्या शेजारात आकड्यांना भिऊन कसे चालेल? मी काटकी घेतली आणि अंगणातच हिशेब मांडला.

समजा, वाट १० मीटर लांब व ३ मीटर रुंद आहे आणि तिच्यावर १५ सेंटीमीटर जाडीचे हिम पडले आहे. हिमाचे घनफळ झाले साडेचार घनमीटर. ताजे हिम पिंजलेल्या कापसासारखे भुसभुशीत असते. त्याच्या एका घनमीटराचे वस्तुमान साधारण १०० किलोग्रॅम धरू. म्हणजे एकूण हिम ४५० किलोग्रॅम.

आता ते वितळवू. शून्य अंश सेल्सियसचा एक किलोग्रॅम बर्फ वितळून शून्य अंशाचेच पाणी होण्यास सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता लागते. एवढी उष्णता शोषूनही तापमान तसूभर वाढत नाही, म्हणून तिला अप्रकट उष्मा म्हणतात. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक यांनी १७६० च्या दशकात हे ओळखले. आपल्या हिमाला एकूण ३६,००० किलोकॅलरी हव्यात.

आणि कढत पाणी? ८० अंशांचे एक किलोग्रॅम पाणी शून्य अंशापर्यंत निवताना बरोबर ८० किलोकॅलरी देते. म्हणजे जेवढे हिम, तेवढेच ८० अंशांचे पाणी! ४५० लिटर पाणी तापवून ओतायचे आणि शेवटी वाटेवर उरणार शून्य अंशाचे ९०० लिटर पाणी. बाहेर हवा शून्याखाली असेल, तर थोड्याच वेळात त्याची काचेसारखी गुळगुळीत लादी होणार. हिमातून निदान चालता येत होते. लादीवर हाडे मोडतील.

याउलट हिम उचलायला किती ऊर्जा लागते? ४५० किलोग्रॅम एक मीटर उचलण्यासाठी ४५० × ९.८ × १ = ४,४१० जूल, म्हणजे जेमतेम एक किलोकॅलरी. वितळवायला याच्या सुमारे ३४,००० पट ऊर्जा लागते! फावडे मारणारे पोर अडाणी नाही, हे बाबांना पटले.

"असं व्हय? मग काय, पुढल्या जानेवारीत मी जाणारच हाय तिकडं. फावडं मला नवं न्हाई."

इथे मला काटकी खाली ठेवावी लागली. एक किलोकॅलरी हा हिशेब फक्त हिमाचा आहे, शरीराचा नव्हे. दर फावड्यासरशी आपण आपले धडही वाकवतो आणि उचलतो, हिम दूर भिरकावतो. स्नायूंना मिळालेल्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णतेत जातो. हिम ओले असेल तर त्याचे वजन तिपटीनेही वाढते. शिवाय थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. जोर लावताना माणूस श्वास रोखून धरतो. हृदयावर दुहेरी भार पडतो. डिसेंबर २०२२ मध्ये बफेलो परिसरात मोठे हिमवादळ झाले. त्यात चाळीसहून अधिक माणसे दगावली आणि त्यांतली काही हिम उपसण्याच्या श्रमाने हृदय बंद पडून गेली.

बाबांनी सत्तरी गाठली आहे. भाताची खाचरे त्यांनी जन्मभर खणली, पण ती घाटघरच्या हवेत. "बाबा, तिथं फावडं पोराला मारू द्या. तुम्ही मीठ टाका," मी म्हणालो.

"मीठ? बर्फावर?"

होय. मीठ स्वतः उष्णता देत नाही. ते विरघळलेले पाणी शून्य अंशाला गोठत नाही, तर त्याहून कमी तापमानाला गोठते. म्हणून उपसल्यावर उरलेला पातळ थर मिठाने पाझरून निघतो. वितळण्यासाठी लागणारी उष्णता तो जमिनीतून, हवेतून आणि स्वतःतून ओढून घेतो. मात्र थंडी फार कडक, उणे १० अंशांच्या आसपास गेली, की साधे मीठ फारसे कामास येत नाही.

हे तुम्ही स्वतः करून पाहू शकता. प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली कुटलेला बर्फ चंचुपात्रात घ्या. तापमापी शून्याजवळ येऊन स्थिरावेल. आता तीन भाग बर्फाला एक भाग मीठ घालून ढवळा. बर्फ वितळू लागेल, पण पारा मात्र शून्याच्या खाली घसरेल! कुल्फीवाला हंडीभोवती बर्फात मीठ का घालतो, याचे उत्तर तुम्हीच वर्गात सांगा.

निघताना पाहिले, तर बाबांनी बाजारातून आणलेली मिठाची पिशवी हातात घेतली होती आणि ते सूनबाईंना माझा हिशेब समजावून सांगत होते.